दगडावर लिहायचं काय?

वाचकांचे प्रश्न, बर्लिनहून उत्तरं

गेल्या अंकात मी नाझी राजवटीच्या बळींसाठी जर्मनीने आपल्या राजधानीत उभारलेल्या राष्ट्रीय स्मारकांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सदराच्या शिरस्त्याप्रमाणे नावं गाळून निवडक प्रश्न घेते. एक आधीच सांगून ठेवते, मी इतिहासकार नव्हे. बर्लिनमध्ये तीसेक वर्षं दुभाष्याचं काम करते आहे आणि अधूनमधून पाहुण्यांना शहर दाखवते. त्यामुळे माझी नजर दगडाआधी त्यावरच्या अक्षरांवर जाते. तो व्यवसायाचा दोष समजा.

प्रश्न : ज्यूंच्या स्मारकात २,७११ शिळा आहेत आणि त्यांवर एक अक्षरही नाही, असं तुम्ही लिहिलंत. मग वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाला हे कशाचं स्मारक आहे ते कळणार कसं?

कळत नाहीच. शिळांमध्ये शिरलेले कित्येक जण बाहेर येऊन मला विचारतात, 'हे काय आहे?' पण अक्षर नाही, हे ठरायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

१९८८ मध्ये लेया रोश या पत्रकार बाईंनी आणि एबरहार्ड येकेल या इतिहासकारांनी मागणी लावून धरली की, ज्यांनी हत्याकांड केलं त्यांच्याच देशात मारल्या गेलेल्या ज्यूंचं मध्यवर्ती स्मारक हवं. वर्षभरात बर्लिनची भिंत पडली आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजाशेजारची, दोन भिंतींमधली ओसाड पट्टी मोकळी झाली. १९९४ ची स्पर्धा लागली तेव्हा ५२८ आराखडे आले. त्यांतला पसंत पडलेला एक आराखडा म्हणजे एक प्रचंड तिरका काँक्रीटचा पट्टा आणि त्यावर लाखो नावं कोरलेली. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी १९९५ मध्ये तो मोडीत काढला. पुन्हा स्पर्धा झाली. पीटर आयझेनमान हे वास्तुरचनाकार आणि रिचर्ड सेरा हे शिल्पकार यांचा शिळांचा आराखडा पुढे आला. त्यात फेरफार सुचवले गेले तसे सेरा बाहेर पडले.

शेवटच्या टप्प्यात रिश्यार्ड श्र्योडर या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी वेगळाच पर्याय मांडला. शिळाबिळा काही नकोत, फक्त एक आज्ञा लिहा, हिब्रूत आणि इतर भाषांत : 'खून करू नकोस.' दुभाषी म्हणून माझं मन त्या पर्यायाकडे ओढ घेत होतं, हे कबूल करते. पण मग प्रश्न उरतो, ही आज्ञा द्यायची कोणी, आणि कोणाला? खून करणाऱ्यांच्या देशाने मेलेल्यांच्या स्मारकावर उपदेश लिहायचा, ते कानाला बरं लागत नाही.

२५ जून १९९९ ला संसदेत, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, मतदान झालं. संसद तेव्हा अजून बॉनमध्येच बसत होती. आयझेनमान यांच्या आराखड्याच्या बाजूने ३१४, विरोधात २०९, तटस्थ १४. एक अट मात्र घातली गेली. वर कोऱ्या शिळा ठेवा, पण खाली माहितीचं दालन हवंच. म्हणजे अक्षर हरलं नाही, तळघरात गेलं.

त्या तळघरातल्या एका खोलीत अंधार असतो. चारही भिंतींवर एका वेळी एकच नाव उमटतं, त्याखाली जन्माचं आणि मृत्यूचं साल. एक आवाज त्या माणसाबद्दल दोन-चार वाक्यं वाचतो. मग नाव विझतं, दुसरं येतं. सगळी नावं अशी वाचायची ठरवली तर ६ वर्षं, ७ महिने आणि २७ दिवस लागतील, असा स्मारकाचाच हिशेब आहे. मी एकदा एका वयस्कर पाहुण्यांना तिथे नेलं होतं. ते बाकावर बसून बोटांच्या पेरांवर नावं मोजू लागले. थोड्या वेळाने बोटं थांबली, पण ते उठले नाहीत. शेजारच्या दालनात जमिनीत उजळलेल्या काचा आहेत, त्यांवर पत्रांचे तुकडे. १९४२ च्या जुलैत यूडिथ नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने वडिलांना लिहिलेल्या ओळी तिथे आहेत. ती निरोप घेते आणि सांगते की, लहान मुलांना जिवंतच खड्ड्यात टाकतात, म्हणून या मरणाची फार भीती वाटते. ते वाचायला मान खाली घालावी लागते. तेवढं पुरे आहे. वर परत आल्यावर कोऱ्या शिळांवर आणखी काही लिहायला हवं होतं, असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : लेखात तुम्ही कुठे 'डेंकमाल' म्हणता, कुठे 'मानमाल'. मराठीत दोन्ही स्मारकच ना?

मराठीत एकच शब्द, आणि तिथेच माझी पंचाईत होते. 'एहरेनमाल' म्हणजे सन्मानाचं स्मारक, धारातीर्थी पडलेल्यांसाठी असतं तसं. 'डेंकमाल' मधलं 'डेंकन' म्हणजे विचार करणं. आणि 'मानमाल' मधलं 'मानन' म्हणजे बजावणं.

हा शेवटचा शब्द मला पुस्तकातून नाही, टपालातून कळला. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी विजेचं एक बिल भरायचं राहिलं. महिन्याभराने एक पत्र आलं, वर ठळक अक्षरांत 'मानुंग'. शब्दकोश उघडला. अर्थ निघाला, थकबाकीची आठवण, वसुलीची नोटीस. त्यामुळे 'मानमाल' ऐकलं की मला अजूनही दगडाऐवजी पाकीट दिसतं : देणं बाकी आहे, तारीख उलटून गेली आहे.

प्रश्न : ज्यूंचं वेगळं, जिप्सींचं वेगळं, समलैंगिकांचं वेगळं, रुग्णांचं वेगळं. मेल्यावरही वर्गवारी? सगळ्यांचं मिळून एकच राष्ट्रीय स्मारक का नाही?

सर्वात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, तेव्हा इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा शब्द. तुम्ही लिहिलेला 'जिप्सी' हा शब्द मी उत्तरात वापरणार नाही. त्याचा जर्मन भाऊ 'त्सिगॉयनर' हा नाझींच्या फायलींवरचा शिक्का होता. त्या समाजांची नावं सिंती आणि रोमा.

एकच स्मारक करून पाहिलं गेलं आहे. उंटर डेन लिंडन या रस्त्यावर 'नॉये वाखे' नावाची जुनी पहारेचौकी आहे. कोल यांनी १९९३ मध्ये तिला राष्ट्राचं मध्यवर्ती स्मारक केलं. आत केटे कोलविट्झ यांचं शिल्प, मेलेल्या मुलाला कुशीत घेतलेली आई. मूळ शिल्प टेबलावर मावेल एवढं, इथे ते मोठं करून ठेवलंय. छताला बरोबर वर गोल भोक आहे, पाऊस आणि बर्फ थेट त्या आईच्या पाठीवर पडतो. फार भिडणारी जागा आहे. जमिनीवर लिहिलंय : 'युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींना.'

वादळ उठलं ते या ओळीवरून. युद्धाचा बळी कोण? नाझींच्या यातनाछावणीत मारलेली बाई बळी, आणि त्या छावणीचा पहारेकरी नंतर आघाडीवर गोळी लागून मेला, तर तोही युद्धाचा बळीच की! एका ओळीत दोघं शेजारी बसले. ज्यूंच्या केंद्रीय मंडळाचे अध्यक्ष इग्नात्स बुबिस यांनी आग्रह धरला, तेव्हा बाहेर दुसरा फलक लावला गेला. त्यावर कोण कोण मारलं गेलं ते एकेक करून सांगितलंय : ज्यू, सिंती आणि रोमा, समलैंगिक, आजारी आणि दुबळे म्हणून मारलेले, आणि पुढे. 'सगळ्यांसाठी' असं लिहिलं की कोणालाच नाव उरत नाही, हे तिथे दिसून आलं.

उलट बाजूही खरी आहे. इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी ज्यूंचं वेगळं स्मारक ठरत असतानाच बजावलं होतं की, एकाला वेगळं दिलंत तर बाकीच्यांनाही द्यावं लागेल, आणि बळींची उतरंड तयार होईल, जशी छावणीत कैद्यांच्या कपड्यांवर शिवलेल्या कापडी त्रिकोणांच्या रंगांवरून होती. त्यांचं भाकीत शब्दशः खरं ठरलं. पण मला तो तोटा वाटत नाही. कारण प्रत्येक गटाला वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या कागदाने मारलं होतं, आणि प्रत्येकाला नंतर वेगळ्या सबबीखाली ताटकळत ठेवलं गेलं.

सिंती-रोमांचंच बघा. त्यांचा वंशसंहार झाला हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने अधिकृतपणे मान्य केलं १९८२ मध्ये, हेल्मुट श्मिट चॅन्सेलर असताना. स्मारकाचा निर्णय झाला १९९२ मध्ये. उद्घाटन २४ ऑक्टोबर २०१२ ला. मधली वीस वर्षं कशात गेली? बरीचशी शब्दात. स्मारकावरच्या मजकुरात तो शिक्क्याचा शब्द यावा की नाही, यावर खुद्द समाजाच्या संघटनांमध्येच फूट होती. काहींचं म्हणणं, फायलींत ज्या नावाने मारलं तेच नाव लिहा, म्हणजे सगळे गट त्यात येतील. रोमानी रोझे यांच्या, सिंती-रोमांच्या केंद्रीय मंडळाचं म्हणणं, मारणाऱ्यांचा शब्द आमच्या थडग्यावर नको. अखेर इतिहासकारांकडून घटनांचा कालक्रम लिहवून घेतला आणि तो काचेच्या फलकांवर लावला. त्यापुढे शिल्पकार दानी कारावान आणि बांधकाम खात्याची वादावादी, ती वेगळीच. वाट पाहणाऱ्यांतली किती माणसं दरम्यान गेली असतील, विचार करा.

समलैंगिकांच्या स्मारकाची तऱ्हा निराळी. रस्त्यापलीकडे, टीअरगार्टन बागेत काँक्रीटचा एकच किंचित कललेला ठोकळा आहे, २००८ चा. त्याला एक छोटी खिडकी. डोकावलं की आत चुंबनाची चित्रफीत चालू असते. आधी त्यात दोन पुरुष होते. मग बायकांनी विचारलं, आम्ही कुठे? आता फीत बदलत राहते. नाझी न्यायालयांनी कलम १७५ खाली, म्हणजे पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमाखाली, सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा सुनावल्या. आणि नाझींनी कडक केलेलं ते कलम पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत जसंच्या तसं चालू राहिलं, पूर्ण रद्द झालं १९९४ मध्ये. छावणीतून सुटलेला माणूस त्याच कलमाखाली पुन्हा तुरुंगात जाऊ शकत होता. ही गोष्ट ज्यूंच्या स्मारकाच्या कोपऱ्यात एका ओळीत कशी मावणार होती?

प्रश्न : पैसा कोण देतो? लोकवर्गणी की सरकार?

ज्यूंच्या स्मारकाची जमीन आणि सुमारे २ कोटी ७६ लाख युरोंचा खर्च केंद्र सरकारचा. देखभालीसाठी संसदेच्याच निर्णयाने स्थापन झालेलं प्रतिष्ठान आहे, तेच बाकीच्या स्मारकांकडेही पाहतं. मागणी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने देणग्याही गोळा केल्या, आणि त्यात एकदा हात पोळून घेतला. २००१ च्या उन्हाळ्यात ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ त्यांनी अवाढव्य जाहिरात लावली होती. पाठीमागे शांत तळं, डोंगर, आणि वर लिहिलेलं : 'हत्याकांड कधी झालंच नाही.' खाली बारीक अक्षरांत, असं म्हणणारे अजून पुष्कळ आहेत आणि वीस वर्षांनी ते आणखी वाढतील, म्हणून देणगी द्या. मी बसमधून ते पहिल्यांदा वाचलं. बसमधून बारीक अक्षरं दिसत नाहीत! छळातून वाचलेल्या लोकांनी संताप व्यक्त केला आणि फलक मुदतीआधीच उतरवावा लागला.

२००३ मध्ये आणखी एक प्रकरण झालं. शिळांवर कोणी काही लिहू नये म्हणून जे रसायन लावत होते ते डेगुसा कंपनीचं निघालं, आणि विषारी वायू त्सिक्लोन बी पुरवणारी कंपनी डेगुसाची भागीदारीतली. काम थांबलं, खल झाला, आणि शेवटी तेच रसायन वापरायचं ठरलं. मला तो निर्णय तेव्हा पटला नव्हता. आता वाटतं, या देशात हात न बरबटलेलं सिमेंट शोधत बसले असते तर पायासुद्धा भरला गेला नसता.

प्रश्न : मुलं शिळांवरून उड्या मारतात, लोक सेल्फी काढतात. राग येत नाही?

येतो. शिळांवर चढायला मनाई आहे, रखवालदार टोकतातही. आयझेनमान मात्र आधीच म्हणाले होते की, मुलं इथे शिवाशिवी खेळतील, लोक डबे आणून खातील, सिनेमाची शूटिंगंही होतील, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. माझं तेवढं मोठं मन नाही.

प्रश्न : ऐंशी वर्षं उलटली. अजून नवनवी स्मारकं कशाला? यादी संपणार तरी कधी?

पत्रातला वैताग मी समजू शकते. मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर एका पदपथावर मिळालं.

बर्लिन फिलहार्मोनीच्या संगीतगृहात मी बरीच वर्षं जात होते. बाहेर बसथांबा आहे, तिथे थंडीत पाय आपटत उभी राहायचे. जमिनीत एक पत्रा बसवलेला होता, त्यावर मी कितीदा पाय दिला असेन देव जाणे. एका संध्याकाळी बस चुकली म्हणून खाली वाचलं. पत्ता : टीअरगार्टनस्ट्रासे ४. इथल्या बंगल्यात बसून आजारी, मतिमंद, अपंग माणसांच्या हत्येची मोहीम चालवली गेली. पत्त्यावरूनच तिला 'टी-४' म्हणतात. दवाखान्यांतून रुग्णांची माहिती भरलेले अर्ज यायचे, तज्ज्ञ डॉक्टर माणसाला न बघता कोपऱ्यातल्या चौकटीत खूण करायचे. लाल अधिक म्हणजे मरण, निळा उणे म्हणजे जगणं. १९४० आणि १९४१ मध्ये सहा ठिकाणी मिळून सत्तर हजारांहून जास्त माणसं वायूने मारली. घरी पत्र जायचं, खोट्या कारणाचं. आंत्रपुच्छ आधीच काढून टाकलेला माणूस आंत्रपुच्छाच्या दाहाने गेला, असंही कळवलेलं आहे.

ही माणसं कोणाची होती? घरातलीच. म्हणूनच घरांनी ती झाकून ठेवली. जिगरिड फाल्केनश्टाइन या शिक्षिकेला २००३ मध्ये इंटरनेटवरच्या एका यादीत आपल्या आत्याचं, आना लेन्केरिंगचं, नाव सापडलं. त्या सहा ठिकाणांपैकी ग्राफेनेकमध्ये १९४० साली मारलेली. घरात तिच्याबद्दल कोणी धड बोललंच नव्हतं. मग या बाईंनी पिच्छा पुरवला, आणि इतरांबरोबर झटून २०१४ मध्ये त्या बसथांब्याजवळ २४ मीटर लांबीची निळी काचेची भिंत उभी राहिली. आनाचं पूर्ण नाव आता तिथे आहे. बऱ्याच प्रदर्शनांत अशा रुग्णांचं पहिलं नाव आणि आडनावाचं एकच अक्षर छापायची पद्धत होती, घराण्याला बट्टा नको म्हणून! बळीच्या नावाने बट्टा लागतो, असं अजून वाटत असेल तर वर्षं उलटली ती कुठे? या रुग्णांना आणि सक्तीने निर्बीज केलेल्यांना नाझी राजवटीने छळलेले म्हणून संसदेने स्पष्टपणे मान्यता दिली ती जानेवारी २०२५ मध्ये.

आणि हो, यादी वाढते आहे. काळा आणि हिरवा त्रिकोण लावलेले, म्हणजे 'समाजविघातक' आणि 'सराईत गुन्हेगार' म्हणून छावणीत टाकलेले, त्यांना २०२० मध्ये बळी मानलं गेलं. भिकारी, बेघर, वेश्या, भुरटे चोर. त्यांच्यासाठी भांडायला संघटना नव्हती, मुलंनातवंडं पुढे यायला लाजत होती. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातल्या बळींच्या स्मारकाचा ठराव २०२३ चा. पोलंडमधल्या बळींसाठी २०२० मध्ये ठराव झाला, आणि २०२५ मध्ये तूर्त एक मोठा धोंडा आणून ठेवलाय, पक्कं स्मारक व्हायचं आहे. वरातीमागून घोडं, असं कोणी म्हणेल. म्हणोत.

प्रश्न : पुढच्या वर्षी बर्लिनला येतोय. एका दिवसात ही सगळी स्मारकं पाहता येतील का? कोणत्या क्रमाने?

सगळी चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत, अर्धा दिवस पुरे. सोमवारी येऊ नका, त्या दिवशी तळघर बंद असतं. बहुतेक लोक ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून सुरू करतात. मी उलट नेते. आधी फिलहार्मोनीजवळची निळी भिंत. कारण विषारी वायूने माणसं मारायचं तंत्र पहिल्यांदा रुग्णांवर वापरलं गेलं, आणि टी-४ मधली शंभरावर माणसं पुढे पोलंडमधल्या बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावण्या चालवायला गेली. तिथून बाग ओलांडून खिडकीचा ठोकळा, मग रस्त्यापलीकडे शिळा आणि तळघर. शिळांमधली वाट जेमतेम एका माणसाची आहे आणि जमीन वरखाली होते, साधे बूट घाला. बरोबरचा माणूस दोन वळणांत दिसेनासा होतो, तेव्हा भेटायचा कोपरा आधी ठरवून ठेवा.

शेवटी संसदेच्या इमारतीजवळ सिंती-रोमांचं तळं. काळ्या पाण्याचं, बारा मीटर व्यासाचं, आणि झाडीत लपलेलं. झाडीतून व्हायोलिनचा एकच सूर येत राहतो. खालून रेल्वेचा नवा बोगदा न्यायचा घाट आहे, त्यात ही झाडं जातील म्हणून सध्या वाद चालू आहे, तेव्हा लवकर या. पाण्याच्या मध्यावर त्रिकोणी दगड आहे, छावणीतल्या कापडी त्रिकोणासारखा. त्यावर एक ताजं फूल असतं. कोणी पाण्यात उतरून ठेवत नाही. दगड खाली जातो, जमिनीखालच्या खोलीत कोणीतरी शिळं फूल उचलून नवं ठेवतं, आणि दगड पुन्हा वर येतो. रोज. मी एवढ्यांदा गेले, पण नेमका दगड बुडताना मला एकदाच सापडला. पाण्यावर वर्तुळं उठली, मधोमध काहीच नव्हतं, आणि शेजारी उभी असलेली शाळेची मुलं बोलायची थांबली. मग दगड ओला होऊन वर आला, तेव्हा त्यावर पिवळं फूल होतं.